सुपडू वस्तादांचा निकाल

सुपडू वस्ताद नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, पायांकडे पाहत. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात त्यांच्या तालमीमागची खोली मी भाड्याने घेतली, त्या दिवशी मी ट्रंक घेऊन दारात उभा होतो आणि ते माझ्या पावलांकडे बघत होते. मला वाटलं, चपला काढायला सांगताहेत. मी काढल्या.

"डावा पाय आळशी हाये तुझा," ते म्हणाले. "उजव्याले दोघांचं काम करा लागते. बरं, राह्य खुशाल."

मी जवळच्या फोपनार गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. शहरात कोणी काही म्हटलं की आपलंच काहीतरी चुकलं असणार असं मला वाटे. पुढचे दोन दिवस मी डाव्या पायावर लक्ष ठेवून चाललो. तिसऱ्या दिवशी वस्तादांनी ते पाहिलं.

"काय केलं बा हे कॉलेज? आता दोन्ही आळशी झाले!"

तेव्हापासून त्यांनी मला 'कॉलेज' याच नावाने हाक मारली. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

मी पैलवान नाही. तीन वर्षं तालमीच्या भिंतीला लागून राहिलो, पण मातीत एकदाही उतरलो नाही. त्यामुळे डावपेचांबद्दल मी लिहितो ते बाहेरून पाहिलेलं आहे. त्यात चूक असेल तर ती माझी, वस्तादांची नाही.

त्यांचं वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास असावं. बुटके, मानेला रुंद, दोन्ही कान मोडून गोळा झालेले. हंगामात ते कापसाच्या जिनात रुईच्या गाठी दाबायच्या कामावर जात. पहाटे आणि संध्याकाळी तालीम. लग्न केलेलं नव्हतं. थोरली बहीण भागाबाई शेजारच्या घरात राहायची. तिचा नवरा लवकर गेला आणि तिचा मुलगा काशिनाथ मामाच्याच मातीत वाढला. वस्तादांची भाकर दोन्ही वेळा भागाबाईकडे. जेवताना दोघं बहीणभाऊ सारखे भांडत. भांडण बहुधा मिठावरून असे.

कुस्तीच्या बाहेर वस्तादांना मोठं मत असं कशाबद्दल नव्हतं. पण आसपासच्या गावांत कुस्त्यांची दंगल भरली की पंच म्हणून त्यांना बोलावणं यायचं. त्याचं कारण मला आमच्याच गावी कळलं. फोपनारच्या दंगलीत जोडीचे दोन पैलवान एकमेकांवर कोसळले. एकाचे लोक ओरडले, पाठ लागली. दुसऱ्याचे ओरडले, लागली नाही. सगळे वस्तादांकडे पाहू लागले. वाकून पाहणारे वस्ताद सरळ झाले आणि म्हणाले, "मले दिसलं नही."

लोक हसले. पंचाने असं म्हणायचं नसतं. आमच्या गावचे पाटील म्हणाले, "वस्ताद, तुम्हाले पंचाचा फेटा कायले बांधला मग?"

"फेटा डोक्याले बांधला, डोळ्याले नही. पुन्हा लावा कुस्ती."

कुस्ती पुन्हा लागली. पण तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली. दोन पैलवान खाली गेले की हे सरळ मातीत पालथे पडत, गाल जमिनीला लावत आणि खालच्याच्या खांद्याखालून उजेड दिसतो का ते बघत. उजेड दिसला तर पाठ लागली नाही. पांढरा फेटा बांधलेला तो म्हातारा असा मातीत लोळताना पाहून नवखी माणसं हसत. जुनी हसत नसत.

संस्थानं विलीन झाली त्यानंतरची ही वर्षं. बुऱ्हाणपूर आधीपासून इंग्रजी अमलातलं, त्यामुळे आमच्याकडे राजा जाऊन कोणी आलं असं काही झालं नव्हतं. पण शेजारच्या संस्थानांच्या पलटणी मोडल्या आणि तिथली पुष्कळ माणसं काम शोधत इकडे आली. त्यांत भवानसिंग आला. संस्थानी फौजेत हवालदार होता, आता एका गिरणीच्या फाटकावर चौकीदार. उंच, सडपातळ, चालताना टाच टेकवतच नाही असं वाटायचं. पलटणीत तो मुष्टियुद्ध खेळायचा. ठोसे मारायचे कातडी हातमोजे त्याने सोबत आणले होते.

तालमीसमोरच्या चहाच्या दुकानात एकदा तो काशिनाथला म्हणाला, "पहलवान, आपकी कुश्ती में सामनेवाला खुद आकर गले लगता है, तब काम होता है. ना आए तो?"

काशिनाथ बाविशीचा, मामापेक्षा हातभर उंच आणि बोलायला कमी. तो एवढंच म्हणाला, "तुम आके देखो ना."

एवढ्यावरून शहरात दोन तट पडले. धरणाऱ्याने मारणाऱ्याला धरलं तर मारणारा संपला, हे सगळ्यांना मान्य. पण धरायला जवळ जावं लागतं आणि जवळ जाताना तोंड पुढे येतं, त्याचं काय? पानाच्या दुकानात, जिनात, आमच्या कॉलेजच्या आवारातसुद्धा हाच वाद. शेवटी शहरातल्या त्या वर्षीच्या दंगलीत ही खास जोड लावायचं ठरलं. खंडव्याचे दंगल भरवणारे दोघेजण ती बघायला येणार होते. काशिनाथ जिंकला तर खंडव्याच्या मोठ्या दंगलीत शेवटची कुस्ती त्याला द्यायची, असा त्यांचा निरोप होता. शेवटची कुस्ती म्हणजे त्या दंगलीतली सगळ्यांत मानाची. आमच्या भागातल्या कोणाला ती तोवर मिळाली नव्हती.

पंच कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा भवानसिंगच म्हणाला, "सुपडू उस्ताद."

वस्ताद म्हणाले, "माझा भाचा हाये तो."

"मालूम है. फोपनार की बात भी मालूम है."

वस्ताद जरा वेळ त्याच्या पायांकडे पाहत राहिले. मग हो म्हणाले.

नियम ठरवायला तीन दिवस लागले. भवानसिंगकडे एक लहानसं इंग्रजी पुस्तक होतं. ते वाचून दाखवायला मला बोलावलं. माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. अडलो की भवानसिंग अभिनय करून दाखवायचा.

"पडलेल्या माणसाचं काय लिहिलं यात?" वस्तादांनी विचारलं.

"दहा आकडे मोजायचे. तेवढ्यात उठला तर पुढे खेळायचं."

"दहा?" वस्ताद खरोखर चकित झाले. "आमच्याकडे एकसुद्धा मोजत नही. पाठ लागली का संपलं."

अडचण तिथेच होती. कुस्तीत माणूस पोटावर शंभर वेळा पडो, हरत नाही. पाठ मातीला लागली की क्षणात हरतो. मुष्टियुद्धात कसाही पडला तरी मोजणी होईपर्यंत जिवंत असतो. मग ठोसा लागून पैलवान उताणा पडला तर? किंवा ठोसेवाल्याचा पाय आपोआपच घसरला आणि पाठ टेकली तर? तालमीतली पोरं म्हणाली, ठोशाने पडलेला धरू नये. भवानसिंग म्हणाला, मग घसरलेलाही धरू नये. बोलणं पुढे जाईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तादांनी भवानसिंगला तालमीत बोलावलं, लंगोट लावून समोर उभे राहिले आणि म्हणाले, "मार."

"उस्ताद?"

"माणूस कोणीकडे पडते ते पाहू दे मले. हळू मारू नको, हळू मारलं तर उपयोग नही."

भागाबाई भिंतीपलीकडून ऐकत होती. "या वयात तोंड फोडून घे, मग भाकर चावता आली नही म्हणून माह्या नावानं रड!" ती ओरडली.

भवानसिंगने पहिला ठोसा छातीवर मारला. वस्ताद एक पाऊल मागे गेले. दुसरा हनुवटीवर. वस्ताद मटकन बुडावर बसले, डोळे मिटले, उघडले. मग गुडघ्यावर आले आणि पुन्हा उभे राहिले. "आणखी एक." या वेळी ते पुढच्या पुढे तोंडावर गेले. पोरांनी उचललं. ओठ फाटला होता. पण ते समाधानी दिसत होते.

"एकदा बुडावर, एकदा तोंडावर. पाठीवर नही." ते म्हणाले. "लिह्य कॉलेज. बुडावर, गुडघ्यावर, तोंडावर पडला तर दहा मोजा. पाठ लागली तर संपलं. ठोशानं लागो, डावानं लागो, घसरून लागो. कशानं लागली ते विचारायचं नही."

मी लिहिलं. भवानसिंगने सही केली, काशिनाथने अंगठा उठवला. आज विचार करताना वाटतं, तीन ठोशांवरून एवढा मोठा नियम काढणं ही चूक होती. शिवाय वस्ताद पाय रोवून उभे राहिले होते. समोरच्यावर झेपावणारा पैलवान तसा उभा राहत नाही. पण त्या वेळी हे कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

यापुढे त्यांनी जे केलं ते मात्र पोरांना अजिबात पटलं नाही. तालमीच्या हौद्यातली माती म्हणजे पोरांचा देव. तेल, ताक, हळद घालून ती वर्षानुवर्षं मऊ केलेली. रोज उतरण्याआधी कपाळाला लावायची. अशा मातीत भवानसिंगचे पाय घोट्यापर्यंत रुतत. तो नाचणार कसा? दंगल याच हौद्यात व्हायची होती, म्हणून वस्ताद म्हणाले, माती पाणी मारून धुमसाने, म्हणजे जमीन चोपायच्या जड लाकडी ठोकळ्याने, ठोकून घट्ट करायची.

"वस्ताद, आपल्याच मातीवर धुमस?" एक पोरगा म्हणाला. "पाप लागंल."

"मले लागंल. तू जाय घरी."

पोरं खरंच घरी गेली. वस्तादांनी एकट्याने दोन दिवस माती ठोकली. भवानसिंग मदतीला आला तर त्यालाही परतवलं. "तू ठोकली तर म्हणतीन, पाह्यजे तशी करून घेतली."

दंगलीच्या दिवशी सकाळी मी भागाबाईकडे चहाला होतो. वस्ताद फेटा बांधत होते. भागाबाईने भाकरीची पितळी त्यांच्यापुढे ठेवली आणि खाली न बसता म्हणाली, "सुपडू, तुह्या निकालात मी कधी पडली नही. पण पोराचं खंडवा बुडवू नको."

"त्याचं खंडवा त्याच्या हातात हाये, आक्का."

"हातात त्याच्या अन् तोंडात तुह्या," ती म्हणाली.

वस्तादांनी फेट्याचं टोक खोचलं आणि भाकर मोडली. त्या दिवशी मिठावरून भांडण झालं नाही.

माणसं किती होती ते सांगता येणार नाही. झाडांवरही होती. दोघं हौद्यात उतरले. काशिनाथने माती कपाळाला लावून सलामीला हात पुढे केला. भवानसिंगने त्यावर मोजा टेकवला आणि लगेच दोन पावलं मागे गेला.

सवय म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. पैलवान आधी खडाखडी करतो, म्हणजे एक हात समोरच्याच्या मानेवर टाकून त्याचं बळ अजमावतो. काशिनाथला वस्तादांनी महिनाभर बजावलं होतं की हात वर नेऊ नको, खाली वाक, पाय धर. तरीही त्याचा हात आपोआप मानेकडे गेला. गेला की तोंडावर ठोसा बसायचा. तीनदा गेला, तीनदा बसला. नाकातून रक्त आलं. लोक ओरडत होते, "काश्या, खाली! खाली!" भवानसिंग त्या ठोकलेल्या मातीवर घड्याळाच्या काट्यासारखा फिरत होता.

मग काशिनाथला आठवलं. तो वाकला आणि पट काढायला झेपावला. पट म्हणजे समोरच्याचे पाय खालून ओढणं. पहिल्यांदा भवानसिंग निसटला. दुसऱ्यांदा काशिनाथच्या हातात त्याचा एक पाय आला आणि सगळं बदललं. पाय धरलेल्या माणसाच्या ठोशात जोर राहत नाही, कारण जोर पायातून येतो. हे वस्तादांचंच वाक्य. भवानसिंग एका पायावर उड्या मारू लागला. खंडव्याचे दोघं उठून उभे राहिले. काशिनाथ पाय न सोडता त्याला उचलायला वर आला, आणि वर येतानाच त्याच्या हनुवटीखाली ठोसा बसला.

तो मागे गेला. पाय सुटला. काशिनाथ पडला आणि पडल्यापडल्या उलटून उठलासुद्धा. डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ. आम्हा लोकांना वाटलं, बुडावर पडला. वस्ताद मात्र तोवर मातीत पालथे पडले होते, गाल जमिनीला. त्यांनी हात वर केला, शिट्टी वाजवली. त्या आरड्याओरड्यात ती कोणाला ऐकू जाणार? काशिनाथने सरळ भवानसिंगच्या कमरेत मिठी मारली, उचलला आणि असा आपटला की त्याचे दोन्ही खांदे मातीत उमटले. एकच कल्ला झाला. पोरं हौद्यात घुसली, काशिनाथला खांद्यावर घेतलं.

वस्ताद उठले. त्यांच्या एका गालावर माती होती. ते गर्दीतून वाट काढत भवानसिंगपाशी गेले, त्याला हात देऊन उठवलं आणि तोच हात धरून वर केला.

आधी कोणाला कळलंच नाही. मग पोरं नाचायची थांबली.

"पाठ लागली काशिनाथची," वस्ताद म्हणाले. "ठोसा बसला तेव्हा. कुस्ती तिथंच संपली."

"कोणी पाह्यलं?" पोरं ओरडली. "आम्ही नही पाह्यलं!"

"मी पाह्यलं. खाली उजेड नव्हता."

भवानसिंगला अजून नीट श्वास घेता येत नव्हता. तो म्हणाला, "उस्ताद, मैं तो चित हो गया. सबने देखा."

"तू नंतर झाला. त्याच्याआधी तू जिंकला होता."

"जीत का फेटा मैं नहीं लूँगा."

"घ्या लागंल," वस्ताद म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तू नही घेतला तर माझा निकाल खोटा ठरते. बस खाली."

भवानसिंग बसला. वस्तादांनी स्वतः त्याच्या डोक्याला फेटा बांधला. काशिनाथ पोरांच्या खांद्यावरून उतरला होता. त्याने मामाकडे पाहिलं आणि कपडे उचलून निघून गेला. खंडव्याचे दोघं आपसांत काही बोलले आणि तेही गेले.

त्या आठवड्यात तालीम ओस पडली. निम्मी पोरं दुसऱ्या तालमीत गेली. काशिनाथ अकोल्याकडच्या एका वस्तादाकडे राहायला गेला. भागाबाईने भाकर बंद केली नाही. ती दोन्ही वेळा ताट भिंतीवर ठेवायची आणि आत जायची. वस्ताद ताट घ्यायचे, जेवून घासून पुन्हा भिंतीवर ठेवायचे. भांडण नाही, काही नाही. माझ्या खोलीत ते फार ऐकू यायचं, म्हणजे काहीच ऐकू न येणं.

एकदा मी धीर करून विचारलं, "वस्ताद, तुम्ही पाहिलं नाही असं म्हणू शकला असता. फोपनारला म्हणाला होतात."

"तिथं नव्हतं दिसलं," ते म्हणाले.

भवानसिंग संध्याकाळी येत राहिला. मोजे न घालता, उघड्या अंगाने मातीत उतरून पट काढायला शिकायचा. वस्तादही त्याच्याकडून हनुवटी कशी झाकायची ते विचारून घेत आणि उरलेल्या पोरांना शिकवत. पोरं कंटाळून म्हणत, "हे कुस्तीत कुठं लागते?" वस्ताद म्हणत, "लागल्यावर शिकाल?" पुढे भवानसिंगला पोलिसात नोकरी लागली आणि तो इंदूरकडे गेला.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या थोडं आधी, वस्ताद मला म्हणाले, "कॉलेज, तुकईथडले दंगल हाये. येतं का?" मी तालमीत कधी उतरलो नव्हतो, पण एवढं मला समजलं की त्यांना एकट्याने जायचं नव्हतं. आम्ही खकनारपर्यंत मोटारीने गेलो, पुढे तुकईथडपर्यंत पायी.

दंगल सुरू झालेली होती. गावकऱ्यांनी वस्तादांना ओळखलं, पंच व्हा म्हणाले. ते म्हणाले, गुडघा दुखतो. मग मी पाहिलं, हौद्याच्या पलीकडे अकोल्याकडच्या तालमीची पोरं बसली होती आणि त्यांत काशिनाथ होता. अंगाने आणखी भरलेला. शेजारी त्याचे नवे वस्ताद, पिकल्या मिशांचे गृहस्थ.

"चला, पुढे बसू," मी म्हणालो. "त्याला दिसाल तरी."

वस्तादांनी माझा दंड धरला. "नही. कुस्तीले उतरायच्या आधी वस्तादाच्या पायावर डोकं ठेवा लागते. त्याचा वस्ताद आता तो हाये. मी समोर दिसलो तर पोराले पेच पडंल, आधी कोणाचे पाय धरायचे. मग उतरताना मन दोन जागी राह्यते. तू बस पुढे. मी मागं हाये."

मी पुढे बसलो. काशिनाथने नव्या वस्तादांच्या पायावर डोकं ठेवलं आणि हौद्यात उतरला. समोरचा पैलवान जाडजूड होता. खडाखडीच्या नावाखाली थपडा मारायची त्याची रीत होती. अशा थपडा कुस्तीत चालवून घेतात. पण काशिनाथ मानेकडे हात नेईना. हनुवटी छातीशी, दोन्ही तळवे गालांजवळ, डावा पाय पुढे, थेट भवानसिंगसारखा. थप्पड यायची ती हातावर पडायची. हसलेही काही लोक. मग समोरच्याने जोरात हात फिरवला, त्याचा तोल गेला, आणि त्याच क्षणी काशिनाथ खाली जाऊन दोन्ही पाय घेऊन वर आला.

लोक ओरडले. मी मागे वळून पाहिलं.

गर्दीच्या पाठीमागे एक बैल सोडलेली गाडी उभी होती. वस्ताद तिच्या साट्याच्या फळ्यांवर चढले होते. फेटा काढून काखेत घेतला होता, ओळखू येऊ नये म्हणून असेल. दुखऱ्या गुडघ्याने टाचा उंचावून, एका हाताने गाडीची खुंटी धरून ते लोकांच्या डोक्यांवरून बघत होते, आणि तालमीत पोरांना डाव सांगताना हलत तसे त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते एवढ्या लांबून मला ऐकू आलं नाही.